एक घास खालचीचा

१

त्या आठवड्यात माझी झोप उडाली होती ती एका चांगल्या गोष्टीमुळे. माझी मुलगी जेवायला लागली होती.

ज्यांच्या घरी न जेवणारं मूल नाही, त्यांना यात काळजी करण्यासारखं काय ते कळणार नाही. आमच्याकडे जेवण म्हणजे रोज नव्याने करायचा तह असायचा आणि रोज नव्याने मोडायचा. मुलगी चार वर्षांची. जन्मल्यापासून टक्क डोळ्यांची आणि झोपेशी वैर असलेली, म्हणून तिला आम्ही घुबडू म्हणतो. घास समोर आला की घुबडू ओठ आत ओढून घ्यायची आणि मान भिंतीकडे वळवायची. रडणं नाही, आरडाओरडा नाही. नुसतं मिटलेलं तोंड. त्यात मी पोषणशास्त्रात एम.एस्सी. लोकांच्या मुलांना काय भरवावं याचे रंगीत तक्ते करून दवाखान्यांच्या भिंतींवर लावायची नोकरी मी लग्नाआधी केलेली. सासूबाई फोनवर म्हणायच्या, "अगं, तू तिला भरवतेस की तिची तोंडी परीक्षा घेतेस?" मी हसायचे आणि फोन ठेवल्यावर पुन्हा वाटी घेऊन तिच्या मागे धावायचे.

आणि एकदम ताट रिकामं यायला लागलं. "मी मागे बसून जेवणार, तू येऊ नको," एवढीच तिची अट होती. मागे म्हणजे स्वयंपाकघरामागचा छोटा व्हरांडा, त्याच्या पुढे आवार, त्याच्या पुढे तळं. व्हरांड्याचं फाटक कुलपात, म्हणून मी हो म्हटलं. पहिले दोन दिवस मी जो भेटेल त्याला ही बातमी सांगितली. मग तिला वजनकाट्यावर उभं केलं. काटा आधी होता त्याच्याही मागे उभा होता.

मग मी अंथरुणात पडून हिशेब करत बसायचे. इतका भात, इतकं अंडं, इतकं केळं. जातं कुठे? केरात काही सापडत नव्हतं. शेजारची मांजर होती तशीच वाळलेली होती. आणि आणखी एक गोष्ट होती, ती इतकी क्षुल्लक की नवऱ्याला सांगायचीही लाज वाटायची. ताट ओलं असायचं. चाटलेलं नव्हे, ओलं. पाण्यात बुडवून काढावं तसं, आणि काठाला बारीक हिरवी रेघ.

२

माझा नवरा जलशुद्धीकरण केंद्रात केमिस्ट आहे. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतो, रांगेतलं शेवटचं घर, पाण्याला सगळ्यात जवळचं. तिथे पूर्वी जुनं पंपघर होतं. नवं केंद्र झाल्यावर त्याच्याच भिंतींवर छप्पर चढवून त्याची क्वार्टर केली. त्यामुळे भिंती जाड, खिडक्या उंच, आणि व्हरांड्याला लागून असलेल्या कोठीच्या खोलीत जमिनीत एक गोल बिडाचं झाकण. खाली जुनी विहीर आहे, तळ्याचं पाणी तिच्यात यायचं, आता बंद आहे, असं आम्हाला किल्ली देताना सांगितलं होतं. आम्ही झाकणावर घुबडूचा जुना पाळणा ठेवला आणि विसरून गेलो.

त्या उन्हाळ्यात तळं हिरवं झालं. बघायला बरं वाटावं असलं हिरवं नव्हे. कुणीतरी रंगाचे डबे उपडे केल्यासारखं, जाड, वर साय धरलेलं. वाऱ्याबरोबर ती साय काठाला यायची आणि तिथे सडायची. केंद्रातल्या वाळूच्या गाळण्या धुऊन होतात न होतात तोच पुन्हा तुंबायच्या. नवरा घरी यायचा तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाह्या हिरव्या असायच्या आणि बोलायला त्याच्यात त्राण नसायचं.

एकदा मी विचारलं, झालंय तरी काय तळ्याला. तो म्हणाला, "काही नाही, खायला फार मिळतंय त्याला." वरच्या शेतांतलं खत वाहून येतं, गावाचा नाला येतो, सगळं कसदार. त्यावर शेवाळ माजतं, मरतं, तळाशी जाऊन कुजतं, आणि कुजताना पाण्यातली हवा संपवतं. त्याने दोन हातांनी गळा आवळल्यासारखं करून दाखवलं.

"चला," मी म्हटलं, "या घरात कुणीतरी पोटभर जेवतंय म्हणायचं."

तो हसला नाही. आता माझ्याही लक्षात येतं, ते हसण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध तापवताना मला एक आवाज ऐकू आला. पच्. पच् पच्. खूप तोंडं उघडतायत, मिटतायत, घाई न करता. नवऱ्याने दाढी करता करता सांगितलं की ते मासे आहेत. रात्रीतून पाण्यातली हवा संपते, म्हणून पहाटे वर येऊन तोंड मारतात. उन्हं चढली की थांबतील. उन्हं चढली आणि आवाज थांबला. मला अगदी बरं वाटलं, कारण मिळालं की मला नेहमीच बरं वाटतं.

फक्त एक होतं. तळं खिडकीच्या बाजूला आहे, आणि आवाज खिडकीतून येत नव्हता. मी शिकलेली बाई आहे. तरी गॅस बंद करून मी खाली बसले आणि फरशीला कान लावला.

पाण्याच्या नळांतून आवाज लांबवर जातो, हे मी शाळेतच शिकले होते. उठताना मी स्वतःला ते दोनदा सांगितलं.

३

रविवारी मी ठरवलं, आज मागे बिगे काही नाही, आज मी स्वतः भरवणार. घुबडूला ओट्यावर बसवलं आणि आमचं जुनं हत्यार बाहेर काढलं. एक घास बाबाचा. एक घास आजीचा. एक घास शेजारच्या मांजरीचा. बाबाच्या नावावर तोंड जेमतेम उघडलं, आजीच्या नावावर मिटलं, आणि मांजरीच्या नावाला मान भिंतीकडे गेली. म्हणजे ही जेवायला लागलेली मुलगी नव्हतीच. ही माझीच नेहमीची मुलगी होती.

मी चमचा खाली ठेवणार एवढ्यात ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "आणि एक घास खालचीचा."

"खालची कोण?"

"खालची," ती म्हणाली. बाबा कोण असं विचारावं आणि समोरच्याला माझ्या अकलेची शंका यावी, तसं तिने माझ्याकडे पाहिलं.

आम्ही तळमजल्यावर राहतो. आमच्या खाली कुणी नाही.

मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं की खालची जेवते का. घुबडूने एक सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मी ओळखला, सासूबाईंशी फोनवर बोलताना मी सोडते तोच. "नाही ना," ती म्हणाली. "फार त्रास देते. तोंडच उघडत नाही."

मला हसू आलं. रात्री नवऱ्याला सांगितलं तर त्यालाही आलं. या वयात मुलं मनातल्या मनात एखादी मैत्रीण तयार करतात, मी तसं वाचलंही होतं. वाचलेलं आठवत मी घुबडूचे हात धुवायला घेतले, तेव्हा दिसलं. उजव्या हाताची बोटं मनगटापर्यंत लाल पुरळाने भरली होती. डास असतील, मी म्हटलं. मनगटाला अगदी सरळ रेषेत थांबणारे डास.

४

सोमवारी नवऱ्याची सकाळची पाळी होती. मी मऊ भात केला, तिच्या ताटात वाढला. तिचा निळा प्लास्टिकचा चमचा कधीचा हरवला होता, म्हणून स्टीलचा दिला. ती ताट सांभाळत मागे गेली. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिले. स्वतःच्या घरात स्वतःच्या मुलीवर पाळत ठेवणारी बाई कशी दिसत असेल, असं मनात आलं आणि मी पदराला हात पुसले. मी पंजाबी ड्रेस घातला होता, पदर नव्हताच.

बाहेर मासे तोंड मारत होते. पच् पच्. मग कोठीच्या खोलीचं दार कुरकुरलं. काहीतरी जड फरशीवरून सरकलं. पाळणा, मी ओळखला. चार वर्षांची मुलगी पाळणा ढकलू शकते, चाकं आहेत त्याला.

आणि मग मला माझाच आवाज ऐकू आला.

"हं, आ कर बघू. शहाणी ना तू? एवढा एकच. बघ हं, बाबांना सांगेन."

घुबडूचा आवाज, पण चढउतार माझे. शेवटी आवाज जरा गोड करून आत धार ठेवायची, तेही माझंच. मधे ती थांबायची. समोरच्याला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढीच.

"नाक दाबू का?" ती म्हणाली.

हे मी तिला एकदाच म्हटलं होतं, गंमतीत. निदान माझ्या लेखी ती गंमत होती.

त्यानंतर माशांचा आवाज बंद पडला. कमी होत गेला नाही. एका झटक्यात, सगळी तोंडं एकदम. उन्हं अजून चढली नव्हती.

५

धावत जावं असं पायांना वाटत होतं. पण ती दचकली आणि तोल गेला तर, हा विचार पायांच्या पुढे धावला. मी सावकाश गेले. दार ढकललं.

घुबडू झाकणाशेजारी पालथी पडून होती. झाकणाला हूक घालून उचलायचं एक भोक आहे, चहाचा कप मावेल एवढं. तळं भरलेलं, म्हणून खालचं पाणी वर झाकणाला टेकलं होतं आणि भोकातून झिरपून लोखंडावर पसरलं होतं. त्या पाण्यात ताट. म्हणून ओलं. म्हणून हिरवं. कारण मिळालं, पण या खेपेला मला बरं वाटलं नाही, कारण तिचा हात मनगटापर्यंत त्या भोकात होता.

मी तिच्या शेजारी बसले. माझा आवाज कसा निघाला कोण जाणे, पण निघाला. "दमलीस ना? मी भरवू का तिला?"

तिने सुटका झाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि हात बाहेर काढला. बोटं लाल, वर हिरवा लगदा, भात नाही. मी तिला उचलून मांडीवर घट्ट धरलं. तेवढंच करून बाहेर पडायचं होतं. दार मोकळं होतं, मूल हातात होतं. शहाणी बाई निघाली असती.

मी वाकून आत पाहिलं.

उंच खिडकीतला उजेड नेमका भोकावर पडत होता. आत हिरवी साय होती, जाड, हलत नसलेली. मासे नव्हते. सायीच्या मधोमध ओठ होते.

आत ओढून घेतलेले, घट्ट मिटलेले ओठ. भोवती भाताची शितं चिकटलेली, वाळलेली आणि ताजी. मी बघत असतानाच ते तोंड हळूच कलंडलं आणि बाजूला वळलं, विहिरीच्या भिंतीकडे.

ते वळणं मला माहीत होतं. मी ते रोज बघत आले होते.

"बास," मी म्हटलं. "नको तर नको."

कुणाला म्हटलं, ते मला अजून सांगता येत नाही. घुबडूने मात्र माझ्या खांद्यावर डोकं टाकलं आणि एकदम सैल झाली, कुणीतरी तिच्या हातातलं जड ओझं उतरवून घ्यावं तशी.

ते तिच्याच चेहऱ्याचं प्रतिबिंब असणार, असं मी नंतर ठरवलं. सायीत प्रतिबिंब दिसत नाही, हे त्याच्याही नंतर सुचलं.

६

नवरा केंद्रातल्या फोरमनला घेऊन आला. हूक लावून त्यांनी झाकण उचललं. मी दारात उभी राहिले, घुबडूला शेजारच्या घरी ठेवून. आत हिरवं पाणी, काही मेलेले मासे, आणि भात. सडलेला, फुगलेला, आमच्या आठवडाभराच्या जेवणांचा भात. बाकी काही नाही. फोरमन म्हणाला, तळ्याचं पाणी विहिरीत घेणारा जुना लोखंडी दरवाजा गंजून त्याची चाळण झाली असणार, त्यातून मासे येतात. नवऱ्याने जाळीने वर तरंगणारं सगळं काढलं, आणि त्यात तिचा निळा चमचा सापडला.

चमच्यावर दातांचे ठसे होते. असायचेच, ती चमचा दातात आवळून धरते. मी तो धुतला आणि उजेडात धरला. ठसे मला जरा मोठे वाटले. नवऱ्याला विचारलं, प्लास्टिक पाण्यात राहिलं की फुगतं का. तो म्हणाला, नाही, का गं? मी म्हटलं, काही नाही, असंच.

तेव्हा मला चमच्याची काळजी करायला सवडही नव्हती. नवरा पांढरा पडला होता. हिरव्या पाण्यातल्या त्या शेवाळात विष असू शकतं, यकृतावर जातं, जनावरं मरतात त्याने, हे तो रोज अहवालात लिहीत होता आणि आमच्या मुलीने त्यात आठवडाभर हात बुडवले होते. त्या हाताने ती केळं खात होती. बोटं चोखत होती. दवाखान्यात रक्त काढताना घुबडूने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि मी तिला "आ कर" म्हटलं नाही. रक्त दंडातून काढत होते, तोंडाचा संबंध नव्हता, तरी मला ते जाणवलं.

अहवाल येईपर्यंत मी काय केलं ते मला आठवत नाही. बहुतेक भांडी घासली. नवरा बाकावर बसून स्वतःच्या हिरव्या बाह्या दुमडत आणि उलगडत होता.

डॉक्टरीणबाई वयाने मोठ्या, बोलायला रोखठोक. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "यकृत छान आहे. पुरळ मलमाने जाईल. पोरगी ठणठणीत आहे, तुम्ही दोघं जरा आजारी दिसताय." मग वजनाचं मी रडगाणं सुरू केलं, तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं. मुलीला खायला फार मिळतंय, भूक लागायला जागाच नाही, असं त्यांचं म्हणणं. "ताट समोर ठेवा आणि उठा. हात आहेत ना तिला? खाईल ती."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. खायला फार मिळतंय. दोघांनाही एकदमच आठवलं. आणि मग दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही हसत सुटलो, इतके की आम्ही तिला लाज आणल्यासारखं घुबडू आमच्याकडे बघत राहिली.

७

विहीर वाळूने भरली, वर काँक्रीट ओतलं. कोठीच्या खोलीला आता सपाट जमीन आहे आणि मी तिथे अनवाणी जाते. नेहमी नाही, पण जाते.

तळ्याचं काम लांबलं. गावाचा नाला वळवून सांडपाण्याच्या शुद्धीकरणाकडे नेला. वरच्या शेतकऱ्यांनी बऱ्याच बैठकांनंतर काठाने गवताचा पट्टा सोडायचं कबूल केलं, खत त्यात अडतं म्हणे. पाण्यावर हवा सोडणारी यंत्रं तरंगू लागली, दिवसभर बुडबुड करतात. नवरा सांगतो, तळाशी जे साठलंय ते अजून कितीतरी वर्षं निघत राहणार, एकदम काही होत नाही. पण थंडी पडेपर्यंत साय गेली होती. सकाळी दूध तापवताना आता फक्त दुधाचा आवाज येतो. मी ऐकते, रोज, थोडा वेळ. मग गॅस बारीक करते.

आणि घुबडू. मी ताट ठेवते आणि उठते. उठणं किती अवघड असतं हे मला कुणी तक्त्यात लिहून दिलं नव्हतं. पहिले काही दिवस ताट जसंच्या तसं आत यायचं, आणि मी काही न बोलता ते उचलायचे, आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायचे. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या कधी नव्हे ते टोमणा न मारता म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यालाही मी असंच रडून वाढवलंय." मग एके दिवशी अर्धं ताट आलं. मग काटा जरासा पुढे सरकला. फार नाही. पुरेसा.

काल सकाळी आम्ही मागच्या पायरीवर बसलो होतो, फाटक लावलेलं, ऊन अंगावर. पाण्यात उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या आता वरून दिसतात, पहिली स्वच्छ, दुसरी धूसर, तिसरी असावी असं वाटण्याइतपत. मी मटार सोलत होते. घुबडू बाहुलीचे केस विंचरत होती. आणि काही कारण नसताना, कुणी न विचारता, ती म्हणाली, "आई, मला भूक लागली."

चार वर्षांत पहिल्यांदा. मी मटारांवरून मान वर केली नाही, घाबरून, की हे वाक्य उडून जाईल. आत गेले, उकडलेलं अंडं आणि पाव आणला, ताट तिच्यापुढे ठेवलं आणि पाठ करून बसले. मागे खाण्याचा आवाज येत होता. त्या आवाजासारखं दुसरं काही नाही, कुणी काहीही म्हणो.

इतकं बरं वाटत होतं की मी धीट झाले. इतक्या महिन्यांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं, तिच्याकडे न बघता, अगदी सहज. "आणि खालची गं? तिला लागते का भूक?"

चावणं थांबलं. मी वळून पाहिलं. घुबडू कोठीच्या खोलीकडे बघत नव्हती. ती पाण्याकडे, त्या तिसऱ्या पायरीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, आपल्या शेजारणीचं बरं चाललंय हे माहीत असलेल्या बाईचं समाधान होतं. तिने तोंडातला घास नीट गिळला.

"लागते ना," ती म्हणाली. "पण आता आपण नाही भरवायचं. तिला हात आहेत."